भिंतीत हरवलेले नऊ व्होल्ट

तिला घरात सगळे काळजीबाई म्हणत. लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवऱ्याने हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की धुऊन निघेना. शाळेत ती नुसती बाई होती, दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवणारी, मुलं जिला जरा वचकून असत अशी. घरी आली की काळजीबाई. दाराला कुलूप लावून जिना उतरायची आणि परत वर जाऊन ते ओढून बघायची. गॅस बंद केल्यावर शेगडीला कान लावायची. एकदा शेजारच्या घरात पावाचे तुकडे करपले होते. त्या धुरावरून तिने अख्खी इमारत खाली उतरवली होती आणि अग्निशमन दलाची गाडी दारात आणून उभी केली होती. पाहुणे आले की सासरे ही गोष्ट हमखास सांगत, आणि दर वेळी गाडीवरची माणसं थोडी वाढत असत.

म्हणूनच बोळात तो वास पहिल्यांदा आला तेव्हा ती काही बोलली नाही.

घर लांबट होतं. पुढे दार, दाराच्या आत विजेचा बोर्ड आणि नवरा-बायकोची खोली. तिथून एक अरुंद बोळ मागे जायचा. बोळाच्या एका अंगाला स्वयंपाकघर, दुसऱ्या अंगाला सासऱ्यांची खोली आणि अगदी टोकाला मागची खोली. मागच्या खोलीत नणंद तान्ह्या बाळाला घेऊन राहायला आली होती. नणंदेला घरात धाकटी म्हणत. तिच्या नवऱ्याची बदली झाली होती, नवं घर अजून मिळायचं होतं, आणि थंडी तर अशी पडली होती की खिडकीच्या काचांना आतून पाणी सुटत होतं. बाळासाठी मोठा हीटर आणला होता. तो दिवसरात्र चालू असे.

वास मासळीसारखा होता. घरात मासळी आणलेली नव्हती. यायचा, जायचा, कधी बोळाच्या मधोमध नाकाशी येऊन थबकायचा. शेवटी तिला राहवलं नाही. तिने विषय काढला तेव्हा नवऱ्याने मोरीची जाळी उचलून पाहिली, धाकटीने लंगोटांची बादली बाहेर नेऊन ठेवली, कपाटांच्या मागे मेलेला उंदीर शोधून झाला. सासऱ्यांना वास आलाच नाही. त्यांचं नाक कित्येक वर्षांपूर्वी कामातून गेलं होतं, आणि त्यांच्या खोलीत गुडघ्याला चोळायच्या तेलाचा दर्प इतका असायचा की तिथे दुसऱ्या वासाला पाय ठेवायला जागा नव्हती.

त्यानंतर तिचं लक्ष दिव्याकडे गेलं. मागच्या खोलीतला दिवा हीटर लावला की मंद व्हायचा. तेवढं तर कुठल्याही घरात होतं. पण हा मंद होऊन गप्प बसायचा नाही, थरथरायचा. अगदी बारीक, पापणी लवावी तसा. स्वयंपाकघरातला दिवा मात्र ठणठणीत. एका संध्याकाळी बाळाला मांडीवर घेऊन बसली असताना तिने सहज पाठीमागे हात टेकला, तर भिंत कोमट लागली. बाहेर दात वाजायची थंडी, आणि पाळण्याला लागून असलेली भिंत ताज्या भाकरीसारखी कोमट.

भिंतीत वायरच तापत असणार. तिने बाळाला धाकटीच्या हातात दिलं आणि पाळणा खोलीच्या मधोमध ओढला.

धाकटी रात्र-रात्र जागून अर्धी झाली होती. तिने पाळणा परत जागेवर सरकवला. मधोमध ठेवला तर दारातून येणारा वारा थेट बाळावर येतो, असं तिचं म्हणणं, आणि ते खोटंही नव्हतं. काळजीबाईने तो पुन्हा ओढला. दोन दिवस पाळणा असा खोलीभर फिरत राहिला. मग धाकटी एकदा शांतपणे म्हणाली, "वहिनी, बाळ झोपतं. तुझी काळजी मात्र झोपत नाही, आणि मलाही झोपू देत नाही."

नवऱ्याने मध्यम मार्ग काढला. वायरमनला बोलावलं.

वायरमन माणूस कामाचा होता, भागात त्याचं नाव होतं. त्याने बोर्ड उघडून पाहिला, स्क्रू आवळले. मागच्या खोलीत जाऊन हीटरची पिन काढली आणि सॉकेटमध्ये मीटरच्या दोन सुया घातल्या. दोनशे एकोणतीस. दाराशी मोजलं, तिथेही दोनशे एकोणतीस. एक व्होल्टसुद्धा इकडचा तिकडे नाही. शिवाय वायरिंगमध्ये काही गडबड असती तर बोर्डातला एमसीबीचा खटका पडला असता, तो तर एकदाही पडलेला नाही, असं त्याने समजावून सांगितलं. थंडीत सगळा भाग हीटर लावतो, दिवे थोडे लवलवणारच.

सासरे खुर्चीत बसून ऐकत होते. नोकरीत असताना ते टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या माणसांवर देखरेख करत, आणि या घराचं वायरिंग त्यांनी स्वतः उभं राहून करून घेतलं होतं. एकेक वायर त्यांनी हातात घेऊन पाहिली होती. त्यांनी नुसता चष्मा पुसला. त्या पुसण्यात सगळं आलं.

तिने स्वतःला बजावलं की आता पुरे. दोनशे एकोणतीस म्हणजे दोनशे एकोणतीस. आकडा कुणाची बाजू घेत नाही, हे ती स्वतःच वर्गात सांगायची. तरी भाजी चिरताना तिचे कान बोळाकडे असत. शाळेत निघताना ती मागच्या खोलीत डोकावून येई, आणि जिन्यावरून परत फिरून आणखी एकदा.

त्या आठवड्यात दहावीला ओहमचा नियम चालू होता. ही गणितं ती इतकी वर्षं घालत आली होती की खडू आपोआप चालायचा. विभवांतर भागिले विद्युतधारा बरोबर रोध. विभवांतर गुणिले विद्युतधारा बरोबर शक्ती. फळ्यावरचे आकडे नेहमी गुणी असायचे, निःशेष भाग जाणारे. त्या दिवशी एकसर जोडणी होती. तिने एक मोठा रोध काढला, त्याच्या शेजारी एक चिमुकला, दोन्ही एकाच तारेत ओवलेले, आणि मुलांना सांगू लागली की दोघांमधून धारा एकच वाहते, पण विभवांतर दोघं वाटून घेतात. मोठा मोठा वाटा घेतो, छोटा छोटा. आणि धाराच नसेल तर वाटायला काहीच नाही. मोठा रोध काढून त्याच्या जागी मीटर लावा, पुरं विभवांतर दिसेल, जणू छोटा रोध तिथे नाहीच.

हे शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि ती थांबली.

वायरमनने हीटरची पिन काढून मोजलं होतं.

वर्ग वाट पाहत होता. कुणीतरी विचारलं की बाई, पुढचं उतरवायचं का. तिने फळ्याकडे पाहिलं. मोठा रोध म्हणजे हीटर. छोटा रोध भिंतीत कुठेतरी. हीटर बंद असताना तो दिसणारच नव्हता. आणि एमसीबी कशाला पडेल? तो पडतो धारा जास्त झाली तर. वाटेत आणखी एक रोध आला तर धारा उलट कमीच होते. एमसीबीच्या दृष्टीने सगळं आलबेल. भिंत जळून जाईपर्यंत आलबेल.

तास संपल्यावर ती सरळ प्रयोगशाळेत गेली. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या सहायकाकडून तिने दोन साधे मीटर मागून घेतले, चिमट्यासारखा तारेभोवती धरायचा तो धारेचा मीटर घेतला, आणि एक जुनं एक्स्टेन्शनही घेतलं. ते खास मुलांना दाखवण्यासाठी केलेलं होतं, त्यातल्या वायरी एकमेकींपासून सुट्या होत्या. चिमट्यात एकच वायर धरावी लागते. येणारी आणि जाणारी दोन्ही एकत्र धरल्या तर दोघी एकमेकींना खाऊन टाकतात आणि मीटर शून्य दाखवतो. सहायकाने काय प्रयोग आहे असं विचारलं. घरचा आहे, एवढंच ती बोलली.

घरी येईपर्यंत तिचा जीव टांगणीला लागला होता. बोळात पाऊल टाकल्याबरोबर तिने हुंगलं. वास होता.

नवरा नुकताच छापखान्यातून आला होता, हाताची शाई अजून जायची होती. तिने त्याला दाराजवळच्या सॉकेटपाशी मीटर देऊन बसवलं आणि दुसरा मीटर घेऊन स्वतः मागच्या खोलीत गेली. हीटर त्या एक्स्टेन्शनवर लावून पुरा चालू केला. नवरा पुढून मोठ्याने वाचू लागला, दोनशे सव्वीस, दोनशे सव्वीस. मुद्दाम रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेच्या सुरात. धाकटीलासुद्धा हसू आलं.

मागच्या खोलीत मीटर दाखवत होता दोनशे सतरा.

तिने सुया काढल्या, परत घातल्या. दोनशे सतरा. सुट्या वायरीभोवती चिमटा धरला. आठ पूर्णांक दोन अँपिअर. बाळाच्या दुपट्यांच्या खोक्याचं झाकण जवळ पडलं होतं, त्याच्या पुठ्ठ्यावर ती आकडेमोड करू लागली. वर्गात जे आकडे निःशेष जायचे ते इथे अडत-अडखळत होते. दोनशे सतरा भागिले आठ पूर्णांक दोन, म्हणजे साडेसव्वीस ओहमच्या आत-बाहेर. हा हीटरचा रोध, हा ठीक होता. हीटरची शक्ती दोनशे सतरा गुणिले आठ पूर्णांक दोन, अठराशे वॅटला थोडी कमी. पाटीवर लिहिलेले दोन हजार. म्हणजे खोली पुरेशी तापत नाही असं धाकटी अधूनमधून म्हणायची, ते खरं होतं.

आता उरलेलं. दोनशे सव्वीस वजा दोनशे सतरा. नऊ व्होल्ट दार ते मागची खोली एवढ्या वाटेत कुणीतरी खाल्ले होते. एवढ्या लांब तांब्याच्या तारेने स्वतःसाठी दोन व्होल्ट घ्यावेत, तिचा तो हक्कच. मग राहिले सात. सात गुणिले आठ पूर्णांक दोन.

तिने उत्तर लिहिलं आणि नवऱ्याला हाक मारली. तो घोषणा करतच आला. तिचा चेहरा पाहून गप्प झाला.

"सत्तावन्न वॅट," ती म्हणाली. "पूर्वी आपल्याकडे साठाचे पिवळे बल्ब असायचे, आठवतात? हात लावला की चटका बसायचा. तसा एक बल्ब आपल्या भिंतीत कुठेतरी पेटलेला आहे. हीटर चालू आहे तोवर तो जळतोय. वरून गिलावा, त्यामुळे उष्णता जायला वाट नाही."

नवऱ्याने पुठ्ठा हातात घेऊन दोनदा वाचला. आकडेमोड त्याला फारशी कळली नाही, पण बल्ब कळला. हीटर लगेच बंद झाला. बाळाला सगळ्यांच्या शाली गुंडाळल्या, पुढच्या खोलीत नेलं. सासऱ्यांनी पुठ्ठा मागून घेतला, चष्मा लावून पाहिला आणि परत दिला. मीटर कुठला, एवढंच त्यांनी विचारलं. शाळेचा आहे म्हटल्यावर ते मुलांच्या हाताळणीबद्दल काहीतरी पुटपुटले.

सकाळी वायरमन आला. तिने त्याला आकडे सांगितले. त्याने मान डोलावली, हीटर चालू करून स्वतः मोजलं, आणि त्याचाही चेहरा जरा उतरला. लोड लावून बघायला हवं होतं, असं तो आपण होऊनच म्हणाला. मग प्रश्न आला की फोडायचं कुठे. तिला शंकाच नव्हती. तिने पाळण्याच्या मागच्या कोमट भिंतीवर तळवा ठेवला आणि म्हणाली, इथे.

हीटर आणि मेन स्विच बंद करून वायरमनने छिन्नी चालवली. खोलीभर पांढरी धूळ उडाली, धाकटीचे धुतलेले कपडे, बाळाची दुपटी, सगळं पिठासारख्या थराखाली गेलं. गिलाव्याचा मोठा तुकडा निघाला. आतली वायरची नळी कापली. वायर बाहेर आली ती अगदी नवी कोरी, लाल म्हणजे लाल आणि काळी म्हणजे काळी. कुठे डाग नाही, कुठे जोड नाही. त्याने आणखी हातभर फोडलं. तिथेही तेच. भिंत मात्र अजून कोमट होती, मेन बंद असूनही. वायरमनने विटेला कान लावला, मग शेजारी जाऊन विचारून आला. भिंतीच्या पलीकडे शेजाऱ्यांनी गेल्या महिन्यात गरम पाण्याचा नळ घेतला होता. तो याच जागेवरून वर जात होता.

डोंगर पोखरून उंदीरही निघाला नव्हता.

तिला वाटलं, आता कुणी ओरडलं तर बरं होईल. कुणी ओरडलं नाही. वायरमनला दुसरं काम होतं. त्याने मेन चालू करून दिला, गिलाव्यासाठी गवंडी पाठवतो म्हणून सांगितलं, संध्याकाळी परत येऊन बघू म्हणाला, आणि गेला. धाकटीने धूळ झटकत कपडे बॅगेत भरायला घेतले. तिचे डोळे भरले होते. मैत्रिणीकडे जाऊन राहते, तिथे निदान भिंती शाबूत आहेत, असं ती भावाला सांगत होती. नवरा दोघींच्या मध्ये उभा राहून कुणाचीच बाजू न घेता घाम पुसत होता, एवढ्या थंडीत.

सासरे दारात आले. त्यांनी खिंडाराकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"सूनबाई, भीती वाटणं हा काही गुन्हा नाही," ते म्हणाले. "पण तिच्या हातात छिन्नी देऊ नये."

ते आपल्या खोलीत जाऊन पडले. दुपारचं जेवण कुणाला गेलं नाही. बाळ गारठून किरकिर करू लागलं, तेव्हा धाकटीने कुणाला न विचारता हीटर मागच्या खोलीत लावला आणि दार लोटून घेतलं. नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. तिच्याने नाही म्हणवलं नाही. कोणत्या तोंडाने म्हणणार होती?

ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. पुठ्ठा समोर होता. कुठे चुकलं? कदाचित मीटर खरंच मुलांच्या हातून पडला असेल. कदाचित दोन मीटरमध्येच फरक असेल, एक थोडं जास्त दाखवतो, एक थोडं कमी. हा विचार येताच तिला हायसं वाटलं, आणि लगेच लाजही वाटली, की चूक निघावी म्हणून आपण देव पाण्यात घालून बसलो आहोत. पण वायरमनने त्याच्या मीटरने मोजलं होतं. त्यालाही नऊच मिळाले होते. नळाच्या गरम पाण्याने भिंत तापेल, व्होल्ट कसे कमी होतील?

भिंत आणि व्होल्ट या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. तिने आपल्या मनानेच त्यांची गाठ मारली होती, कारण पाळणा तिथे होता. नऊ व्होल्ट अजून हरवलेलेच होते. आणि हीटर आत्ता चालू होता.

तिने मीटर उचलला. या वेळी कुणाला हाक मारली नाही. दाराशी मोजलं, दोनशे सव्वीस. वायरिंगची वाट तिला ठाऊक होती, सासऱ्यांनी ती कितीदा तरी अभिमानाने सांगितली होती. बोर्डावरून बोळ, बोळातून सासऱ्यांच्या खोलीची भिंत, तिथून मागची खोली. बोळातल्या सॉकेटमध्ये तिने सुया घातल्या. दोनशे सव्वापंचवीस. म्हणजे इथवर सगळं ठीक होतं.

सासऱ्यांच्या खोलीचं दार उघडंच होतं. ते पलंगावर डोळे मिटून पडले होते. खिडकीपाशी, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला एक सॉकेट होतं. ती पाय न वाजवता तिथवर गेली आणि वाकली. दोनशे अठरा.

तिने मान वळवली. दोनशे सव्वापंचवीस त्या टोकाला, दोनशे अठरा या टोकाला. मधे एकच भिंत. भिंतीला लाकडी फळ्यांचं अस्तर ठोकलेलं, थंड भिंत पाठीला लागू नये म्हणून काही वर्षांपूर्वी बसवून घेतलेलं. अस्तराला पलंगाचं उसं टेकलेलं. उशाशी वाचून झालेल्या वर्तमानपत्रांची चळत, आणि उशीवर सासऱ्यांचं पांढरं डोकं.

"बाबा, उठा," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःला ओळखू आला नाही.

त्यांनी डोळे उघडले. हातातला मीटर पाहिला आणि कपाळाला आठी घातली. आता माझी भिंत का, असं ते अगदी थकलेल्या आवाजात म्हणाले.

"फोडायची नाही. फक्त पलंग पुढे ओढू द्या. आणि आत्ता उठा, बाबा, मी पाया पडते तुमच्या."

एवढ्या वर्षांत ती त्यांना कधी उलट शब्द बोलली नव्हती, की कधी तिने असं अजीजीने काही मागितलंही नव्हतं. ते उठून बसले. आवाज ऐकून नवरा आला. त्याने एक नजर बायकोकडे टाकली आणि काही न विचारता पलंगाला हात घातला.

अस्तराला तिने तळवा लावला. फारसं गरम नव्हतं. क्षणभर तिला वाटलं, की पुन्हा तेच होणार, पुन्हा नवी कोरी वायर निघणार. मग तिने नाक लाकडाशी नेलं. चोळायच्या तेलाच्या दर्पाखालून मासळीचा वास आला, दाट आणि उग्र. नवऱ्याने पेचकसाने खालचे दोन स्क्रू काढले आणि फळी बाहेर ओढून धरली.

फळीची मागची बाजू चहासारखी तपकिरी झाली होती, मधोमध कोळशासारखी काळी. भिंतीत वायरींच्या जोडाचा एक डबा होता, अस्तर ठोकणाऱ्या सुताराने तो तसाच झाकून टाकला होता. त्याचं झाकण वितळून मेणासारखं ओघळलं होतं, मासळीसारखा वास त्या तापलेल्या प्लास्टिकचाच होता. आत, काळ्या पडलेल्या दोन वायरींच्या मधे, हरभऱ्याएवढा एक नारिंगी ठिपका शांतपणे पेटलेला होता. धूर नाही, आवाज नाही.

ती बोळातून धावली आणि मेन स्विच खाली ओढला. मागच्या खोलीतून धाकटीने आता काय झालं असं विचारलं. मग बाळाला घेऊन ती बाहेर आली, आणि सासऱ्यांच्या खोलीच्या दारात थबकली.

ठिपका लाल झाला, मग किरमिजी, मग विझला.

सासरे जवळ आले. त्यांनी फळीच्या पुढच्या बाजूला, जिथे त्यांचं डोकं टेकायचं तिथे हात ठेवला आणि मागच्या काळ्या बाजूला दुसरा. मधे बोटभर जाडीचं लाकूड.  मग त्यांनी वर्तमानपत्रांची चळत उचलली आणि बोळात नेऊन ठेवली. परत येऊन पलंगावर बसले. ती त्यांच्याजवळ जमिनीवर बसली.

"मला कोमट वाटायचं उशाला," ते हळू आवाजात म्हणाले. "बरं वाटायचं थंडीत."

 धाकटीने बाळाला भावाकडे दिलं आणि येऊन वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला. बॅग पुढे तशीच अर्धी भरलेली राहिली, संध्याकाळी तिने ती रिकामी केली.

वायरमन आला आणि डब्यापाशी उकिडवा बसून त्याने जोड तपासला. जोडाचा स्क्रू वर्षानुवर्षं तापून-निवून सैल होत गेला होता, तार नीट टेकत नव्हती. टेकत नाही म्हणून तापते, तापते म्हणून आणखी सैल होते. यात कुणाची चूक काढता येणार नव्हती. बसवला तेव्हा जोड पक्काच होता, हे त्याने सासऱ्यांकडे बघत दोनदा सांगितलं. त्याने तो तुकडाच काढून टाकला आणि बोळापासून मागच्या खोलीपर्यंत सलग, बिनजोडाची वायर ओढली. फोडलेल्या भिंतीचा गिलावा मात्र गवंड्याच्या मर्जीवर राहिला, आणि गवंडी पुढे कित्येक दिवस फिरकला नाही.

हीटर लावून तिने पुन्हा मोजलं. दाराशी दोनशे सव्वीस, मागे दोनशे चोवीस. दिवा थरथरत नव्हता. नवऱ्याने आकडा ऐकला आणि घोषणेचा सूर लावायला तोंड उघडलं, पण का कोण जाणे, साध्या आवाजातच दोनशे सव्वीस म्हणाला.

तिला वाटलं होतं की त्या रात्री गाढ झोप लागेल. लागली नाही. डोळे मिटले की तो हरभऱ्याएवढा ठिपका दिसायचा, आणि त्याच्या शेजारी पांढरं डोकं. आपण पाळण्याच्या भिंतीपाशीच अडून बसलो असतो तर, हा विचार तिला कुशीवर कुशी बदलायला लावत होता. वास बोळात यायचा, आणि तिने एकदाही त्यांच्या खोलीत शिरून हुंगलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिने मीटर उद्या शाळेत परत न्यायचा म्हणून पिशवीत घातला. सासरे अंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून बोळात उभे होते. हीटर त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता, वायर गळ्यात टाकली होती. घरात एवढीच सॉकेट नाहीत, असं त्यांचं म्हणणं. स्वयंपाकघराची वाट वेगळी, मोरीची वेगळी, पुढच्या खोलीची वेगळी. जोड सगळीकडे आहेत, आणि ते कुठेकुठे आहेत हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

मग ते पुढे आणि ती मागे अशी घरभर फिरली. ते हीटर लावायचे, ती वाकून आकडा सांगायची, ते मनाशी वजाबाकी करून पुढे सरकायचे. हीटर जड होता. नवऱ्याने तो घेऊ पाहिला तर त्यांनी दिला नाही. स्वयंपाकघरात एक व्होल्ट गेला होता, मोरीशी दीड, पुढच्या खोलीत एकही नाही. सगळं ठीक होतं. धाकटी दारात उभी राहून बाळाला हे दाखवत होती.

शेवटचं सॉकेट त्यांच्याच खोलीतलं, खिडकीपाशी. तिने सुया घातल्या, वाचलं, दोनशे पंचवीस. सुया काढून ती उठू लागली.

"थांब," सासरे म्हणाले. त्यांचा हात अजून हीटरच्या मुठीवर होता, नजर भिंतीवर. "परत एकदा बघ."